माणसे कमी करू नका, तास कमी करा!

रविवारची वंदना संपली आणि लोक विहारातून घराकडे निघाले, तेव्हा अकरा तरुण पायऱ्यांवरच बसून राहिले. आपल्याच जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात ते कामाला होते. आदल्या रात्री कारखान्याच्या फाटकावर एक कागद चिकटवला गेला होता. मालाला उठाव नाही, रात्रपाळी बंद, खाली नावे दिलेल्यांनी सोमवारपासून कामावर येऊ नये, एवढाच मजकूर आणि खाली अकरा नावे. त्यातली आठ नावे आपल्या वस्तीतली. त्या पोरांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "साहेब, असं काढता येते का?"

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची आहे. प्रश्न मात्र जुना झालेला नाही. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या बड्या संगणक सेवा कंपनीने आपले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या वर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा आपल्या खेड्यापाड्यांतही काळजी पसरली. समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून, शिष्यवृत्तीवर शिकून इंजिनिअर झालेली बुलढाणा जिल्ह्यातली पोरे आज हिंजवडीत आहेत, चाकणला आहेत, वाळूजला आहेत. जिनिंगमध्ये गाठी उचलणारा मजूर असो की संगणकापुढे बसणारा इंजिनिअर, त्याला ऐकावी लागणारी भाषा एकच आहे : काम कमी झाले, म्हणून माणसे कमी.

आमचा सवाल साधा आहे. काम कमी झाले तर माणसेच का कमी करायची? तास का नाही?

हिशेब शाळेतल्या पोराला कळेल असा आहे. त्या कारखान्यात एकूण चव्वेचाळीस कामगार होते. प्रत्येकी आठवड्याला ४८ तास धरले तर एकूण काम २,११२ तासांचे. मालकाच्या म्हणण्याप्रमाणे काम चौथाईने घटले. म्हणजे उरले १,५८४ तास. आता हे १,५८४ तास दोन तऱ्हांनी भरून काढता येतात. अकरा जणांना घरी बसवून तेहतीस जणांकडून ४८ तास काम घ्यायचे, किंवा चव्वेचाळीसही जणांना ठेवून प्रत्येकाकडून ३६ तास घ्यायचे. माल तेवढाच निघतो. पहिल्या तऱ्हेत अकरा चुली विझतात. दुसऱ्या तऱ्हेत सगळ्यांच्या ताटातली थोडी भाकर कमी होते, पण ताट कोणाचेच रिकामे राहत नाही.

हे काही पुस्तकी स्वप्न नाही. आपल्या बाजार समितीच्या आवारात जाऊन बघा. हमालांची टोळी असते. हंगामात पोती हजारांनी येतात तेव्हा टोळीला भरपूर काम मिळते, मंदीत कमी मिळते. पण पोती कमी आली म्हणून टोळीतल्या चौघांना कोणी हाकलत नाही. जे काम येईल ते सगळे मिळून उचलतात आणि संध्याकाळी मजुरी वाटून घेतात. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला, त्यामागे अशाच कष्टकऱ्यांचा लढा होता. मंडळाने कामगारांची नोंदणी करावी, काम वाटून द्यावे, मजुरी मंडळामार्फत मिळावी, ही त्या कायद्याची रीत आहे. जे अशिक्षित म्हणवल्या जाणाऱ्या हमालाला सुचले, ते व्यवस्थापनाच्या पदव्या घेतलेल्यांना का सुचू नये?

परदेशातले दाखले हवे असतील तर तेही आहेत. अमेरिकेत मंदीचा काळ सुरू असताना केलॉग कंपनीने १९३० च्या डिसेंबरमध्ये बॅटल क्रीक येथील कारखान्यात आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा-सहा तासांच्या चार पाळ्या सुरू केल्या. एका पाळीच्या माणसांना नव्याने काम मिळाले. त्या कारखान्याच्या काही विभागांत ही सहा तासांची पाळी १९८५ पर्यंत टिकून होती. जर्मनीत फोक्सवॅगन कंपनीने १९९३ मध्ये तीस हजार माणसे जास्त आहेत असे सांगितले. तेथील धातू कामगारांच्या संघटनेने करार करून आठवडा २८.८ तासांचा करून घेतला, पगारात काही घट सोसली आणि त्या तीस हजारांच्या नोकऱ्या वाचवल्या. त्याच देशात कमी तासांच्या कामासाठी सरकारी भत्त्याची पद्धत आहे. मंदीत मालकाने कामगाराला काढून न टाकता तास कमी केले, तर बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के आणि मुलेबाळे असणाऱ्याला ६७ टक्के रक्कम बेकारी विम्याच्या निधीतून मिळते. २००९ च्या मंदीत सुमारे पंधरा लाख आणि एप्रिल २०२० च्या कोरोना काळात सुमारे साठ लाख कामगार या पद्धतीवर होते. मंदी ओसरली तेव्हा ते आपल्या जागेवरच होते.

आणि आपल्याकडे काय चालले आहे? नेमके उलटे. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, अनेक राज्यांनी कारखान्यांतले कामाचे तास बारा केले. गुजरात सरकारने तर जादा तासांचा दुप्पट मोबदलाही काढून टाकला. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी गुजरातच्या त्या अधिसूचना रद्द केल्या. तरीही धडा घेतला गेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तास करण्याला आणि तीन महिन्यांतल्या जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा तासांचा मोबदला मिळेल, असे सांगितले जाते. पण ज्या कारखान्यात हजेरीपत्रकच खरे लिहिले जात नाही, तेथे ४८ तासांची मर्यादा कोण मोजणार? तीन पाळ्यांच्या दोन पाळ्या होतील आणि तिसऱ्या पाळीचा माणूस घरी बसेल, ही आमची भीती आहे. एकाला बारा तास राबवायचे आणि दुसऱ्याला बेकार ठेवायचे, यात दोघांचेही मरण आहे.

चळवळीच्या वाचकांना येथे इतिहासाची आठवण करून देणे आम्हाला आवश्यक वाटते. कामगाराला दम घ्यायला वेळ मिळाला तो कोणाच्या मेहेरबानीने मिळालेला नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. पुढे १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास आणि हंगामी कारखान्यात ६० तास ठरवले. जिनिंग-प्रेसिंग हंगामी धरले जात असे. इंग्रजांनी १८७० मध्ये ज्या खामगावच्या कापसासाठी जलंबपासून रेल्वेचा फाटा टाकला, त्या खामगावच्या जिनात आपल्या आज्या-पणज्यांनी कापसाची धूळ गिळत हे साठ तास भरले आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांनी १९४६ मध्ये कायद्यात दुरुस्ती आणून बारमाही कारखान्यांचे तास ४८ आणि हंगामी कारखान्यांचे ५० वर आणले, जादा कामाला दुप्पट दर ठरवला.

तो काळ कोणता होता, हे लक्षात घ्या. महायुद्ध नुकतेच संपले होते. युद्धसाहित्याचे कारखाने बंद पडत होते, सैन्यातून लोक घरी परतत होते. त्यांना काम मिळावे म्हणून बाबासाहेबांच्याच मजूर खात्याने १९४५ मध्ये सेवायोजन कार्यालये उघडली. काम शोधणारे हात वाढले होते अशा वेळी देशात कामाचे तास वाढवले नाहीत, कमी केले. आजच्या राज्यकर्त्यांनी जयंतीला हार घालताना एवढे तरी वाचावे.

आता कायद्याकडे वळू. कारण मालकाच्या कागदाला कागदानेच उत्तर द्यावे लागते.

वर्तमानपत्रांत कोणालाही काढले की 'ले-ऑफ' म्हणतात. कायद्यात तसे नाही. कोळसा, वीज, कच्चा माल मिळत नाही, माल साचला आहे, यंत्र बिघडले आहे, अशा कारणाने मालक तात्पुरते काम देऊ शकत नाही, पण कामगाराचे नाव हजेरीपटावर राहते, तो ले-ऑफ. त्या दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मा मोबदला द्यावा लागतो. नाव कायमचे कमी करणे ही कपात. तिच्यासाठी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांची सरासरी वेतनाची भरपाई द्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली ही तरतूद आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, हा गाभा राहिला. पण दोन मोठी भोके जुन्या कायद्यातही होती आणि नव्यातही आहेत. पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या आणि हंगामी आस्थापनांना ले-ऑफच्या मोबदल्याची तरतूद लागू नाही. म्हणजे आपल्या जिल्ह्यातले जिनिंग सुटले आणि औद्योगिक वसाहतींतले छोटे कारखानेही सुटले. शिवाय कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला होती, ती आता तीनशेवर गेली आहे. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीची मुदत संपली तर ती कपातच धरली जात नाही. कायद्याची भिंत अशी खचत असताना करार हेच आपले कुंपण आहे.

आणि कपात कोणावर येते? 'शेवटी आला तो आधी जाईल' हे तत्त्व दिसायला न्याय्य आहे. पण कारखान्याच्या फाटकातून शेवटी आत आला कोण? मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. जास्त पगाराचे खाते त्यांना बंद, कमी पगाराचे खाते त्यांच्या माथी. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उभा केला होता. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच रेल्वेचे रूळ पुढे आपल्या मलकापूर, नांदुरा, शेगावातून जातात. आज विटाळाचे नाव कोणी घेत नाही. पण हेल्पर कोण, झाडूवाला कोण, ठेकेदाराच्या यादीतला कोण, हे पाहिले की जुनी रेघ नव्या फरशीवरही दिसते. यादी काढायची वेळ आली की पहिली अकरा नावे कोठून येतात, हे त्या फाटकावरच्या कागदाने आम्हाला सांगितले.

तरीही आम्ही वाचकांना सावध करतो. 'तास कमी करा' ही घोषणा आंधळेपणाने दिली तर ती मालकाच्याच हातातली काठी होईल. दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही हे पाहिले आहे. तेथे कामगारांनी विश्वासाने तास आणि पगार कमी करून घेतला. कागदावर काहीच नव्हते. चौथ्या महिन्यात मालकाने कपात केली. मासिक पगारदाराची भरपाई मागच्या तीन पूर्ण महिन्यांच्या सरासरी वेतनावर मोजली जाते. ते तीन महिने कमी पगाराचे होते. ज्यांनी त्याग केला त्यांचीच भरपाई घटली. ग्रॅच्युइटीही शेवटच्या वेतनाच्या दरावर मोजतात. म्हणून करारात पहिली ओळ हीच हवी की, भरपाई, ग्रॅच्युइटी आणि इतर सर्व देणी तास कमी करण्यापूर्वीच्या पूर्ण वेतनावर धरली जातील.

दुसरी गोष्ट दिवस आणि तास यांच्या फरकाची. मालकाला दिवस कमी करणे सोयीचे असते. कामगाराने रोजचे तास कमी करून मागावेत. वर्षभराची सलग सेवा २४० दिवसांवर मोजली जाते आणि कामगार विम्याच्या आजारपणाच्या लाभाला सहा महिन्यांच्या अंशदान काळात ७८ दिवसांचे अंशदान लागते. सहा तास काम केले तरी तो दिवस भरतो. घरी बसलेला दिवस सहजासहजी भरत नाही. शिवाय ज्याचे किमान वेतन दिवसावर ठरले आहे, त्याला मालकानेच पूर्ण तास काम दिले नाही तरी पूर्ण दिवसाचे किमान वेतन मिळाले पाहिजे, असा कायदा आहे. तो १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होता आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. म्हणजे सर्वांत खालच्या माणसाच्या पगाराला तास कमी झाले म्हणून कात्री लावता येत नाही. हे किती हेल्परांना माहीत आहे?

तिसरी गोष्ट म्हणजे कराराला मुदत हवी, तीन महिने किंवा सहा महिने. मुदत संपली की पूर्ववत. तोपर्यंत कोणालाही जादा काम द्यायचे नाही आणि ठेकेदारामार्फत नवा माणूस आणायचा नाही. मालकाने मागणी खरोखर घटली याचे हिशेब दाखवावेत, आणि पगाराची कात्री वरून खाली यावी, व्यवस्थापकापासून. तास आणि पगार यांतला बदल हा नोटीस दिल्याशिवाय करता येत नाही, हेही कामगारांनी ध्यानात ठेवावे.

सरकारकडेही आमची मागणी आहे. कामगार राज्य विमा योजनेत २०१८ पासून नोकरी गेलेल्या विमाधारकासाठी बेकारी भत्त्याची अटल योजना आहे. २०२० मध्ये तिचा दर सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के झाला, जास्तीत जास्त नव्वद दिवसांसाठी. पण त्यासाठी माणूस आधी बेकार व्हावा लागतो. नोकरी टिकवून तास कमी करणाऱ्या कामगाराला बुडालेल्या पगाराचा निम्मा भाग याच निधीतून का देऊ नये? आग लागल्यावर पाणी देण्यापेक्षा ती लागू न देणे स्वस्त पडते.

काही मालक म्हणतील, छोट्या कारखान्याला हे परवडत नाही. आम्ही त्यांना तुच्छ लेखत नाही. छोटा कारखानदारही बँकेच्या हप्त्याखाली दबलेला असतो. पण शिकलेला कामगार काढायचा, मागणी आली की नवखा आणायचा, तो शिकेपर्यंत माल वाया घालवायचा, यालाही पैसे पडतातच.

खरी अडचण मालकाची नाही, आपली आहे. त्या रविवारी संध्याकाळी आम्ही कारखान्यातल्या सर्वच कामगारांना विहाराच्या आवारात बोलावले होते. सर्व जातींचे आले. जुन्या ऑपरेटरांपैकी एकाने तोंडावर विचारले, "आमी अठरा वर्स घासली. आता या पोरायसाठी आमचा पगार काऊन कापून घ्याचा?" प्रश्न खोटा नव्हता. त्याच्यावर मुलीच्या लग्नाचे कर्ज होते. आम्ही वकिली करीत बसलो असतो तर सभा तेथेच मोडली असती. पॅकिंगमधल्या एका बाईने उत्तर दिले. ती म्हणाली, "आज यायचं नाव कागदावर हाये, उद्या आपलं राहीन. तवा आपल्यासाठी कोन बसन इथं?"

सोमवारी अकरा जण आले नाहीत, चव्वेचाळीस जण एकत्र फाटकावर आले. तीन दिवस बोलणी चालली. शेवटी चार महिन्यांसाठी आठवडा अडतीस तासांचा ठरला. गेलेल्या दहा तासांपैकी पाच तासांचा पगार मालकाने सोसला, पाच तासांचा कामगारांनी. किमान वेतनावर असलेल्यांच्या पगाराला हात लागला नाही. नऊ जण कामावर परतले. ठेकेदाराच्या नावावर असलेले दोघे मात्र राहून गेले. त्यांना आम्ही वाचवू शकलो नाही, कारण कागदोपत्री ते त्या कारखान्याचे नव्हतेच. त्यातला एक सुरतेला गेला. पाचव्या महिन्यात तास पूर्ववत झाले.

नऊ जण राहिले याचे समाधान आहे. दोन गेले याची टोचणी त्याहून मोठी आहे. म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे की, कागद फाटकावर लागण्याची वाट पाहू नका. आपल्या वस्तीतले कोण कोठे कामाला आहे, कोणाचे नाव हजेरीपटावर आहे आणि कोण ठेकेदाराच्या वहीत आहे, याची यादी आजच करा. नेमणुकीचे पत्र, पगाराची पावती, विम्याचा क्रमांक जपून ठेवायला सांगा. युनियन असेल तर तिच्यात आपला माणूस असू द्या, नसेल तर बांधा. आणि सभा घ्याल तेव्हा फक्त आपल्या वस्तीची घेऊ नका, अख्ख्या कारखान्याची घ्या. बाबासाहेबांनी संविधानात समतेच्या शेजारी बंधुता ठेवली. मंदीच्या दिवसात तिचा हिशेब तासांतच करावा लागतो : माझ्या अठ्ठेचाळीसपैकी दहा तास मी माझ्या शेजाऱ्याला देणार आहे की नाही?